डिग्रीची तीन कोटेशनं

२ मार्च
कन्येने जाहीर केलं, परदेशी जाऊन इंटरनॅशनल स्टडीज शिकणार. देशादेशांची भांडणं शिकायला एवढा खर्च! घरात फुकट दिसतात. तरी मी नाही म्हणालो नाही. खरेदी खात्यात जन्म गेलाय माझा. टाचण्या घ्यायच्या तरी तीन कोटेशनं मागवतो. डिग्रीचीही मागवू. संकल्प: चिडायचं नाही.

५ मार्च
तक्ता तयार. युनिव्हर्सिटी अ, ब, क. रकाने: फी, राहणं, मुदत, वॉरंटी. वॉरंटी कुणीच देत नाही. साधा मिक्सरवाला दोन वर्षांची देतो! कन्या म्हणाली, बाबा, शिकवतं कोण, तो रकाना कुठाय? म्हटलं, माल बघावा, हमाल नाही. दार आपटून गेली.

११ मार्च
साडू टपकला. त्याच्या मुलाने हीच डिग्री घेतली, आता म्हणे वकिलातीत आहे. खोदून विचारलं. व्हिसाच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना 'नाही' म्हणतो. ते मी डिग्रीशिवाय करतोय. साडूला चहा विचारला नाही. संकल्प उद्यापासून.

२० मार्च
'अ'ने जागा दिली. सर्वांत महाग. ब आणि क कडे कार्टीने अर्जच केला नव्हता! सिंगल टेंडर! ऑडिटवाले सोलून काढतील. बायको म्हणाली, घरात कसलं ऑडिट? हिला प्रोसीजर म्हणून कळत नाही.

२२ मार्च
पालक म्हणून परस्पर मेल ठोकला. फी तीस टक्के उतरवा, अन्यथा अर्ज मागे घेतला असे समजावे. या वाक्यापुढे आमचा कागदवाला दर वर्षी लोटांगण घालतो.

२९ मार्च
उत्तर: 'अर्ज मागे घेतल्याची नोंद केली आहे. मुलीला शुभेच्छा.'
निव्वळ दबाव. असल्यांना मी ओळखून आहे. आपण गप्प बसायचं.

२ एप्रिल
त्या मूर्खांनी कन्येलाही कळवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, बाबा, शाळेपासून मला हेच करायचं होतं. मी तिला बाजाराची रीत समजावली. बायको ताट वाढून आत निघून गेली. आमटी गार.

१९ एप्रिल
विजय! कन्येने त्यांना पुन्हा लिहिलं म्हणे. जागा परत, वर शिष्यवृत्ती, निम्मी फी माफ. मी तीस मागितले, पन्नास सुटले! ऑफिसभर सांगितलं. साडूला मुद्दाम फोन केला.

२१ एप्रिल
शिष्यवृत्ती निबंधावर मिळाली आहे. विषय: अडेलतट्टू पक्षाशी वाटाघाटी. बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. कुठल्यातरी हुकूमशहावर असावा. मी मान डोलावत होतो. म्हटलंही, असल्यांना ठेचलंच पाहिजे.
दुसऱ्या परिच्छेदात तो टाचण्यांची तीन कोटेशनं मागवतो.

३० ऑगस्ट
कन्या गेली. बॅगांचं वजन मी स्वतः काटा लावून करून दिलं. निघताना म्हणाली, पोचले की आईला फोन करते.

१४ सप्टेंबर
रोज संध्याकाळी फोन येतो, हिच्याच मोबाईलवर. आज मुद्दाम शेजारी बसलो. दोन वाक्यं तयार ठेवली होती. कन्येने विचारलं, बाबा आहेत का गं तिथे? ही म्हणाली, आहेत ना, देऊ? तिकडून आवाज आला, नको, मग मी नंतर करते.
संकल्प: उद्यापासून फोनच्या वेळेला आपण फिरायला जायचं.