आंबा घाटातली मुलाखत

रेणापूर,
बुधवार, ता. ११ जून १९८६

ती. पंढरी दाजी यांस,
भीमाचा सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्हाला ते लिहून पाठवायचे कष्ट नकोत. तुमचं पत्र मागच्या गुरुवारीच पोचलं. वाचलं, आरशामागे खोचलं, आणि तेव्हापासून मी आरशात बघायचं सोडून दिलंय. लिहायला तीनदा बसलो. पहिल्यांदा पेनात शाई नव्हती. शाई आणायला म्हणून निघालो तर वाटेत आपल्या गाडीवाल्या शंकरप्पाचा ट्रक भेटला, तो उदगीरला चालला होता, मग मीही गेलो (बैलबाजार बघितला, चाऱ्यापायी लोक बैल असे विकून राहिलेत की बैलालाच लाज वाटावी). परत आलो तर शाई राहिलीच. तिसऱ्यांदा शाईसुद्धा होती, पण लिहायचं काय हे नव्हतं.

तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? अडत दुकानात पोत्यांवर चढउतार कमी करा. अक्काचा खोकला? म्हैस व्याली का? इकडे मावशी, मावसा, त्यांची सिंधु सगळे खुशाल आहेत. पाणी तेवढं खुशाल नाही. टँकर तीन दिवसाआड येतो, पाटलाच्या आडात सुटतो, आणि आपल्या वस्तीपर्यंत येता येता त्याचा चिखल होतो. बाकी ठीक.

तर तुम्ही एकच ओळ लिहिलीत: ‘कार्डावर पास झालो म्हणतोस, तर ऑर्डर कुठाय?’ दाजी, एवढ्या लहान ओळीचं उत्तर एवढं लांब होईल असं मलाही वाटलं नव्हतं. मी पास झालो हे खरं आहे. मुलाखत झाली हेही खरं आहे. कुठं झाली आणि कोणी घेतली, तेवढं ऐकून घ्या.

तुम्हाला माहीत आहे की आपला जिल्हा नवा. चार वर्षं होत आली तरी नवाच, कारण त्याच्या कचेरीत अजून खुर्च्या येऊन राहिल्यात. व्यंकटराव मावसा उस्मानाबादहून बदलून लातूरला आले तेव्हापासून हा जिल्हा त्यांनी स्वतः जन्माला घातल्यासारखे वागतात. त्यांनीच सांगितलं की टंचाईसाठी टँकरवर ड्रायव्हर भरणार आहेत, सोमवारी २६ तारखेला सकाळी दहाला मुलाखत, कॉल आला की गप्प बस, कोणाला सांगू नको. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त अक्काला सांगितलं. अक्काने सगळ्या धर्माबादला सांगितलं. मग तुमचा लग्नातला पांढरा शर्ट आला, तुमचे बूट आले, अक्काने बुटात कागदाचे बोळेसुद्धा कोंबून पाठवले होते. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं, त्यामुळे माझे पाय केवढे हे तिला बरोबर ठाऊक.

मावशीला तर टँकर दारात उभा दिसायला लागला होता. भीमा ड्रायव्हर झाला की पहिली खेप आपल्या वस्तीत, पाटलाच्या आडात नंतर, असं तिनं बायांना वाटूनच टाकलं होतं. मी आपलं म्हणत होतो की सरकारी टँकर काय सासरचा आहे का, कुठंही न्यायला. पण आतून मलाही तेच वाटत होतं. सातवीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हे अजून ठरलेलं नाही, पण स्टिअरिंगवर बसलो की मी शहाणा दिसतो एवढं तुम्हीही मान्य कराल.

आता समुद्र मधेच कुठून आला ते सांगतो. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा, शनिवारी चौथा शनिवार, मग रविवार. अशा जोडून सुट्ट्या बघितल्या की नोकरदार माणसाच्या अंगात काय येतं कोण जाणे. मावसाने रत्नागिरीकडच्या एका गावात ओळखीने खोल्या सांगितल्या आणि शंकरप्पाची सवाऱ्या भरायची वडापची जीप मागून आणली. ड्रायव्हर मी. मी म्हटलं, सोमवारी माझी मुलाखत. ते म्हणाले, रविवारी अंधार पडायच्या आत घरी. शिवाय साहेबांनी विचारलं घाट चालवलास का, तर सांगायला होईल. हे मला पटलं. (मला जीपमध्ये बसवून काहीही सांगितलं तरी पटतं, हा माझा जुना आजार आहे.)

शुक्रवारी पहाटे विहारात वंदना करून निघालो. निघताना बघतो तर जीपमध्ये पाच हंडे, दोन कळशा आणि डांबराचा धुतलेला ड्रम. मी विचारलं, मावशी, आपण समुद्र बघायला चाललो की भांडी दाखवायला? पण तिचंही खरं होतं. आजकाल कुलूपबंद घरातून चोर भाकरीचं पीठ सोडून हंडाच नेतो, आणि टँकरच्या रांगेत ठेवलेली भांडी तर परत आली तर आपली. एका हंड्यात वाटेसाठी पाणी होतं. ते तिनं मापाने दिलं, दर थांब्याला माणशी एक फुलपात्र. सांगलीकडे कृष्णेच्या पुलावर मी गाडी थांबवली. खाली पात्रात पाणी, म्हशी डुंबून राहिलेल्या, आणि वर आम्ही चौघे फुलपात्र हातात घेऊन आपापला घोट मोजतोय. खाली जाऊन पिऊ या, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. सवय असते ना.

वाटेत चहाला थांबलो की माणसं विचारायची, कुठले? मावसा म्हणायचे, लातूर जिल्हा. समोरचा म्हणायचा, म्हणजे उस्मानाबाद. मग मावसा खिशातून नव्या जिल्ह्याचा नकाशा काढायचे. तीन ठिकाणी नकाशा उलगडला, तीन ठिकाणी चहा निवला. एका म्हाताऱ्याने तर शेवटपर्यंत ऐकून घेऊन विचारलं की मग निजाम आता कुठं असतो. मावसा त्याच्याशी नंतर बोललेच नाहीत.

समुद्राचं काय सांगू. मला वाटलं होतं मोठा तलाव असेल. तो तलाव नाही. सिंधुने ओरडून ओरडून घसा बसवला. मावशी मात्र पदर सावरून गेली, ओंजळ भरली, तोंडात घातली आणि थुंकली. मग मावसाकडे असं बघितलं की जणू त्यात मीठ त्यांच्याच कचेरीने टाकलं. ‘एवढं पाणी अन् सगळं नासलेलं,’ म्हणाली, आणि दिवसभर समुद्राकडे पाठ करून बसली. मावसाने भरती-ओहोटी समजावली. ती म्हणाली, येऊन परत जायचंच असेल तर यायचं कशाला.

खरा घोटाळा झाला तो रविवारी सकाळी. आम्ही उतरलो होतो त्या घराला परसात विहीर होती, वाकलं की पाणी दिसावं इतकी भरलेली. घरच्या म्हातारीने आमचे रिकामे हंडे गाडीत चढताना बघितले आणि मावशीच्या हातात पोहऱ्याची दोरी देऊन म्हणाली, रिकामे कशाला न्हेता, भरून न्या, विहिरीला काय कुलूप हाय? बस. एवढंच. तुम्ही कोणाच्या, कुठल्या, हे विचारलंच नाही. मावसाने नकाशा काढला होता, तोही तिला नको होता. मावशीने दोरी धरली ती सोडेना. पाच हंडे, दोन कळशा, मग ड्रम. मी म्हटलं मावशी, गाडीला घाट चढायचा आहे. ती ऐकतच नव्हती. दाजी, तिला मी आजवर कधी गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं. त्या विहिरीवर ती काहीतरी गुणगुणून राहिली होती.

मग गाडीत चार माणसं आणि पाण्याची आणखी चार माणसं. आंबा घाटात अर्ध्यावर मागून ‘टक्’ झालं. उतरून बघितलं तर मागच्या पाट्याला, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगला, चीर. मी सांगितलं, आता एकच उपाय, पाणी ओता, नाहीतर पाटा जाईल आणि माझी मुलाखतही. मावसा म्हणाले, ओत. मी एक हंडा उचलला, रस्त्याच्या कडेला तिरका केला, तर मावशी पुढे येऊन खाली बसली आणि हंड्याखाली दोन्ही हात धरले.

‘ओत,’ म्हणाली. ‘पर माझ्या वंजळीत ओत. ल्हानपणी आडावर असंच घेत व्हते म्या. वरून.’

तुम्हीच सांगा दाजी, अशा वेळी काय करावं? माझ्यापुढे माझी नोकरी होती, अक्काने कोंबलेले बोळे होते, पाच मिनिटांचं काम होतं. मी हंडा उभा केला आणि परत गाडीत ठेवला. का ठेवला ते विचारू नका. मी रोज विचारतो, आणि रोज वेगळी शिवी मिळते. तीन वळणांनंतर पाटा तुटला.

रविवार होता. खालच्या गावचा मिस्त्री लग्नाला गेलेला, तो सोमवारी दुपारी येणार असं कळलं. रात्र घाटातल्या एका टपरीच्या ओट्यावर काढली, तिचं काही सांगण्यासारखं नाही. सोमवारी सकाळी माझे कपडे ग्रीसने माखलेले होते, म्हणून चोरांच्या भीतीने बरोबर आणलेला तुमचा शर्ट घातला. बूटही घातले. शर्ट घातल्यावर अनवाणी बरं दिसेना. मैलाच्या दगडावर जाऊन बसलो. मावसा घड्याळाकडे बघून राहिले होते. बरोबर दहा वाजता ते उठले, टोपी सारखी केली, माझ्यासमोर दुसऱ्या दगडावर बसले, खिशातलं पेन काढलं, आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, नाव?

मला आधी वाटलं डोकं फिरलं. पण त्यांचा चेहरा बघून मी उभा राहिलो. नाव सांगितलं, गाव सांगितलं, जिल्हा लातूर सांगितलं (ते एकदम खूष झाले). लायसन किती वर्षांचं, दारू पितो का, सही येते का. सगळी उत्तरं दिली, दाजी, एकही चुकलं नाही. नकाशाच्या मागच्या बाजूवर त्यांनी बरोबरच्या खुणा केल्या. सिंधु हसत होती, मग हसायची थांबली. मावशी ड्रमला टेकून ऐकत होती. शेवटी त्यांनी विचारलं:

‘टँकर भरलेला हाय, घाट हाय, पाटा कुरकुरतोय. काय करशील?’

मी म्हटलं, ‘निम्मं पाणी सोडून देईन, साहेब.’

मावसाने पेन बंद केलं. नकाशा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘पास.’

तेच मी अक्काला कार्डावर कळवलं. त्यात खोटं एक अक्षर नाही.

मंगळवारी पोचलो. जागा भरली होती. भरलेला माणूस वाईट नाही, निलंग्याकडचा आहे, कानडीत शिव्या देतो. परवा टँकर घेऊन आला, पाटलाच्या आडात सोडला आणि गेला. मावशीने त्याला काही म्हटलं नाही, मलाही नाही. कोकणातलं पाणी तिनं वस्तीत घरोघर तांब्या तांब्या वाटलं. माणसं ते जपून पितात आणि मला विचारतात, ड्रायव्हरसाहेब, पुढची खेप कधी? मी हसतो. दुसरं काय करणार.

सगळ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
भीमा

ता. क. शर्टाच्या खिशाखाली ग्रीसचा डाग आहे. रॉकेल, राख, लिंबू सगळं झालं. बूट चांगले आहेत, कारण त्यांना कुठं जायलाच मिळालं नाही.

ता. क. दुसरा. आता खरं काम लिहितो, ज्यासाठी शाई आणली. हे पत्र मी घरी न पाठवता तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर मुद्दाम टाकतोय. अक्काला तुम्हीच सांगा. मला होणार नाही. जेवण झाल्यावर सांगा, आणि कार्डाचा विषय आला तर म्हणा की पोस्टात काहीतरी गडबड झाली. तिला एवढंच पटवा की महिनाभर तरी इकडे येऊ नको, इकडे पाणी नाही. तुमच्या शेटला ट्रकवर माणूस लागत असेल तर मी उद्याच निघतो.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला उठलो तर दारात अक्का. धर्माबादहून एकटी, दोन एसट्या बदलून. हातात पेढ्यांचा पुडा, आणि वाटेत वस्तीतल्या बायांना वाटतच आली. बाया पेढे घेऊन गप्प बसल्या, हे त्यांचे उपकार. दारातूनच म्हणाली, ‘कुठाय आमचा सर्कारी माणूस? आधी पाणी पाज रे, मंग पाया पडते मी तुझ्या.’ घरात तेवढा एकच तांब्या उरला होता, कोकणातला. मावशीने तोच तिला दिला. अक्का उभ्याउभ्या सगळा प्याली, तोंड पुसलं, आणि आता विचारतेय की एवढं गोड पाणी आपल्या वस्तीत आणलं कोणी. मावशी माझ्याकडे बघून राहिलीय.