कढई आणि दगडी पाटा अंकिताला

मी, मनुबाई राजाराम शेलार, वय अडुसष्ट, राहणार मेढा, जिल्हा सातारा. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे आणि डोकं जागेवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने आणि माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी शाळेत गेले नाही. पती सैन्यात असताना त्यांची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा. ते मला आवडेना, म्हणून अक्षरं शिकले. यातल्या चुका माझ्याच समजाव्यात.

१. पतीच्या पश्चात माझ्या नावावर झालेलं राहतं घर मुलगा कुणाल आणि सून अंकिता यांना सारख्या हक्काने मिळावं.

२. शेतजमीन कुणालला. बांधावरचा आंबा तोडू नये. त्याचे वडील शेवटचे तिथेच बसले होते.

३. माझं सोनं आणि बँकेतली शिल्लक मुलगी संयोगिताला. वडिलांची पत्रं आणि माझी पुस्तकंही तिलाच. पुस्तकं मागेल त्याला वाचायला द्यावीत.

४. लोखंडी कढई, दगडी पाटा आणि मलमलीचं फडकं एकट्या अंकिताला. यावर कुणालचाही हक्क नाही. कारण लिहिणं भाग आहे.

पती सैन्यात स्वयंपाकी होते. सुट्टीवर आले की दूध लिंबाने फाडून पनीर करायचे आणि तळून सगळ्यांना खायला घालायचे. आमच्याकडे दूध नासणं अशुभ मानतात. मुद्दाम नासवणं तर कोणी ऐकलंही नव्हतं. सासूबाई चिडायच्या. हे म्हणायचे, "आई, नासलेलं टाकत्यात. हे खायाचं हाय." पहिला तुकडा त्यांनाच द्यायचे. त्या नाक मुरडून घ्यायच्या आणि दुसरा मागायच्या.

एप्रिल २०१३ मध्ये कुणाल घरी येणार म्हणून ह्यांनी सकाळी पनीर दाबून ठेवलं आणि शेतावर गेले. दुपारी माणसांनी त्यांना उचलून आणलं. पनीर पाट्याखालीच होतं. माझी थोरली जाऊ शालूबाई ते बघून भरल्या घरात म्हणाली, "मुद्दाम दूध नासवलंसा. मग दुसरं काय हुनार हुतं?"

मी ते पनीर उकिरड्यावर टाकलं. त्यानंतर बारा वर्षं या घरात दूध फाटू दिलं नाही. शालूबाईशी बोलणं बंद केलं, पण तिचं वाक्य मात्र सांभाळून ठेवलं.

५. गेल्या वर्षी दिवाळीत अंकिताने कुणालसाठी दूध फाडलं. मी पातेलं मोरीत ओतलं आणि म्हणाले, "माझा गेला. आता तुला काय घालवायचंय?" तेव्हा तिला दिवस गेले होते, हे मला माहीत नव्हतं. फेब्रुवारीत ते बाळ पोटातच गेलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तिला कोणतं वाक्य आठवलं ते मला कळलं. तेव्हापासून ती सांगलीला माहेरी आहे. कुणाल रविवारी जातो आणि एकटाच परत येतो.

पती गेल्यावर दवाखान्यातून मिळालेला कागद बारा वर्षं पेटीत होता. गेल्या महिन्यात भाऊसो गुरुजींकडून त्याचा अर्थ समजून घेतला. हृदयाच्या नसा फार आधीपासून बंद होत आल्या होत्या. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनीही कुणालला सांगितलं होतं की असं बाळ जाण्यात आईचा काही दोष नसतो. म्हणून मी लिहून देते: दुधाने कोणी गेलं नाही. अंकिता, तुझ्या हातून काही झालेलं नाही. माझ्या तोंडून झालं.

६. ते पनीर असं करावं. म्हशीचं दोन लिटर दूध उकळून खाली उतरवावं. शंभर आकडे मोजावेत. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून थोडं थोडं ओतावं. हिरवट पाणी सुटलं की थांबावं. फडक्यात गाळून गार पाण्याने धुवावं, आंबटपणा जातो. परातीत ठेवून वर पाटा ठेवावा, दोन तास. बोटाएवढे तुकडे कापून कोरडे पुसावेत, नाहीतर तेल उडतं. मीठ, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून थोड्या तेलात तळावेत. कडा लाल झाल्याशिवाय उलटू नयेत. ते हिरवट पाणी टाकू नये, त्यात भाकरीचं पीठ मळावं.

७. पतीच्या दर वर्षीच्या श्राद्धाला या घरात दूध फाडावं आणि हे करावं. घाबरून कोणी टाळू नये.

८. शालूबाईला मी काहीही देत नाही. हा राग नव्हे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं, आणि मला ती साक्षीदार म्हणून हवी आहे. बारा वर्षांनी काल मी तिच्या दारात गेले. आज तिच्या देखत दूध फाडलं.

९. याची एक प्रत आजच अंकिताला सांगलीला पाठवावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

ठिकाण: मेढा. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

सही: मनुबाई राजाराम शेलार

साक्षीदार:

१) भाऊसो गणपत जाधव, निवृत्त शिक्षक. मनुबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२) शालूबाई यशवंत शेलार, डाव्या हाताचा अंगठा. मनुबाईंनी यांच्यासमोर सही केली. यांना कलम चार आणि पाच दोनदा वाचून दाखवली. यांनी दोन तुकडे खाल्ले. अंगठा देताना सांगितले ते यांच्याच शब्दांत लिहितो: "म्याच बोलले हुते. चुकलं. अंकिताला लिवा, पाटा लय जड हाय, एकटीनं उचलू नगं. मला हाक मार."