फूल काढावं, तोडू नये

मी, गुणमाला नेमिनाथ चौगुले, वय वर्षे ७३, व्यवसाय घरकाम व बागकाम, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या समजुतीने करून ठेवते. माझं डोकं जागेवर आहे. उजवा हात तितकासा नाही, त्याचं कारण पुढे येईल. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणाचा धाक नाही, औषधाची गुंगीही नाही. वकिलांनी केलेला मसुदा कायद्याने बरोबर होता, पण तो कोणत्याही बाईचा असू शकला असता. म्हणून त्यातली कलमं ठेवून बाकीचा मजकूर मी सांगितला आणि माझी मुलगी चंदना हिने टाइप केला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझे पती कै. नेमिनाथ चौगुले यांचा हळदीचा व्यापार होता. राहतं घर आणि घरामागची मोकळी जागा त्यांनी हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. दोन्हींवर माझी एकटीची मालकी आहे. माझ्या पश्चात घर मुलगा भरतेश (राहणार पुणे) आणि मुलगी चंदना (राहणार मलकापूर, कराडजवळ) यांना निम्मं-निम्मं मिळावं. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तसंच. दागिने चंदनाला. भरतेशच्या बायकोला माझे दागिने जुन्या घडणीचे वाटतात, आणि ते तसे आहेत.

मोकळी जागा म्हणजे बाग. तिच्याबद्दल कलम ४ मध्ये लिहिलं आहे.

कलम २. माझी सर्व चित्रं चंदनाला द्यावीत. ती सगळी फुलांची आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "आपल्यात झाडावरचं फूल तोडत नाहीत. जीव असतो त्यात." माझ्या माहेरीही जैन धर्मच, पण मी केसांत अबोलीचा गजरा माळणारी मुलगी होते. मी विचारलं, "काढायचंच नाही का?" त्या म्हणाल्या, "कागदावर काढ की." त्यांनी ते थट्टेने म्हटलं असावं. मी दुसऱ्या दिवशी रंगाची पेटी आणवली.

चंदनाने चित्रं लॅमिनेट करू नयेत. जलरंगाला श्वास लागतो. पळसाचं एक चित्र अर्धवट आहे आणि त्यावर एक रेघ आडवीतिडवी खाली गेलेली आहे. ते फेकू नये.

शेवंतीचं मोठं चित्र मात्र माझी धाकटी जाऊ सुंदरी हिला द्यावं. एका हळदीकुंकवाला चार बायकांत तिने ते कोबीचं चित्र समजून नावाजलं होतं. तिने ते दर्शनी खोलीत लावावं अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही.

कलम ३. सुंदरीचं नाव निघालंच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवते. "गुणमाला तांबोळणीच्या हातचं खाते," असं तिने मंदिराच्या ओट्यावर सांगितलं. ते खरं आहे. सविस्तर असं.

अकिला रसूल तांबोळी ही माझी मैत्रीण. तिचे यजमान रसूलभाई रिक्षा चालवत. एकदा मला मिरजेच्या रोपवाटिकेतून सोनचाफ्याचं रोप आणायचं होतं, तेव्हा तीही माहेरी जायला त्याच रिक्षात बसली होती. परतताना रोप तिने सगळी वाट मांडीवर धरलं आणि मिरजेतलं तिचं माहेर मागे पडलं तरी उतरली नाही. "आदी ह्ये लावून बघू," म्हणाली. खड्डाही तिनेच खणला. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून बाग केली आणि महिन्यातून एकदा तरी कुठे ना कुठे गेलो. हरिपूरचा संगम, औदुंबर, सागरेश्वर, शिराळ्याच्या पलीकडे चांदोली. रसूलभाई होते तोवर रिक्षाने, ते गेल्यावर एसटीच्या अर्ध्या तिकिटात. मी झाडाखाली बसून फूल रंगवायची आणि ती पाय पसरून मला साऱ्या गल्लीच्या बातम्या सांगायची.

डबा तीच आणत असे. माझ्यासाठी तिने वेगळं नवं स्टीलचं भांडं घेतलं होतं, त्यात कांदा-बटाटा कधी पडला नाही. दिवस मावळल्यावर मी जेवत नाही, म्हणून ऊन कलायला लागलं की म्हणायची, "अक्का, जेवून घ्या, दिवस बुडतोय." रमजानात आमची पंचाईत व्हायची. दिवसभर तिचं तोंड बंद, म्हणून मीही डबा उघडत नसे. आणि दिवस मावळला की तिचं सुरू आणि माझं बंद. एकदा संगमावर त्याच घटकेला आम्ही एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की नावाडी विचारायला आला.

तेव्हा सुंदरी, हो, मी खाल्लं. चांगलं होतं.

कलम ४. बाग.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आम्ही दंडोबाच्या डोंगरावर गेलो होतो. पळस फुलला होता. मी रंगवत असताना माझा कुंचला घसरला आणि रेघ खाली गेली. अकिलाला वाटलं मी गंमत करते आहे. मग तिने माझं तोंड बघितलं. मला सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. तिने मला तिथेच झाडाला टेकवून बसवलं, पळत रस्त्यावर गेली आणि द्राक्षं भरलेला एक टेंपो आडवी उभी राहून थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, माल हाय आत." ती म्हणाली, "माल उतर न्हाईतर मला चिरडून जा." त्याने क्रेट उतरवले. मिरजेच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू आहे, पण वेळेत आणलंत.

भरतेश पुण्याहून संध्याकाळी आला. खाटेजवळच त्याने अकिलाला विचारलं, "या वयात आईला डोंगरावर कशाला नेलं तुम्ही?" अकिलाने मान खाली घातली आणि निघून गेली. मला तेव्हा बोलता येत नव्हतं, म्हणून आता लिहिते. डोंगरावर तिने मला नेलं नव्हतं. मी तिला नेलं होतं. तिचे गुडघे दुखत होते आणि तिला यायचं नव्हतं.

भरतेशने मला पुण्याला अकराव्या मजल्यावर नेलं. त्याने आणि सुनेने माझं सगळं केलं, त्यात कमी काढणार नाही. फक्त जाण्यापूर्वी त्याने बागेच्या मागच्या फाटकाला, जिथून अकिला यायची-जायची, कुलूप लावलं, आणि जागेला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. मी चैत्र-वैशाख त्या गॅलरीतून ढगांकडे बघून काढला. बाग वाळली असणार हे मी धरूनच चालले होते. डावा हात हलत होता, त्याने मी सुनेच्या प्लॅस्टिकच्या फुलांचं चित्र काढायचा प्रयत्न केला. ते वाईट आलं.

जूनच्या तोंडावर मला चालता-बोलता येऊ लागलं, तेव्हा भरतेश मला घरी घेऊन आला. त्याच दिवशी गिऱ्हाईक जागा बघायला येणार होतं. त्याने कुलूप काढलं, फाटक ढकललं आणि उभाच राहिला. मोगरा भरात होता. कर्दळीला नवे कोंब होते. वाफे ओले होते.

"वळीव झालेला दिसतोय," भरतेश म्हणाला.

शेजारच्या बनुबाई त्यांच्या गच्चीवर वाळवण घालत होत्या. त्यांनी वरूनच सांगितलं, "कसला वळीव रं? थेंब न्हाई पडला. ती अकिला रोज येती, माझ्या गच्चीवरनं पाइप सोडती. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढती बाई. मी म्हटलं, आगं कुलूप लावलंया त्यांनी तुला. तर म्हणती, मला लावलंया, झाडांनी काय केलंय?"

भरतेशने गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. अकिला दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराने आली आणि आम्ही चहा प्यायलो.

त्यानंतर मी ठरवलं की बाग अकिलाच्या नावे करायची. तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. "अक्का, डोकं फिरलं का तुमचं? कागदावर माझं नाव आलं की सारं गाव म्हणल, ह्यासाठनंच येत हुती. मी काय ह्यासाठनं येत हुते व्हय?" मग आठ-दहा दिवस आलीच नाही.

गेल्या महिन्यात भरतेश आला असता हे कलम मी त्याला वाचून दाखवलं, दंडोबापासून. डोंगरावर कोणी कोणाला नेलं तिथे तो थांब म्हणाला. पुन्हा वाचायला लावलं. मग उठून पायीच अकिलाच्या घरी गेला आणि तिला घेऊन आला. येताना दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. माझ्यासमोर तो इतकंच म्हणाला, "मावशी, मला त्या दिवशी आधी नीट विचारायला पाहिजे होतं." अकिला म्हणाली, "आई मरायला टेकल्याली असताना कोण इचारत बसतंय? बस खाली."

मग त्या दोघांनीच मिळून ठरवलं ते असं, आणि मला ते मान्य आहे: बागेची मालकी भरतेश व चंदना यांची राहील. परंतु अकिला रसूल तांबोळी हिच्या हयातीत ती जागा विकू नये, गहाण टाकू नये, तिच्यावर बांधकाम करू नये. अकिलाने वाटेल तेव्हा यावं, वाटेल ते लावावं, कोणालाही बरोबर आणावं. फाटकाला कुलूप असू नये. तिच्या पश्चात मुलांनी योग्य वाटेल ते करावं. मी तेव्हा बघायला नसेन.

कलम ५. बनुबाई या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून त्यांना हवं असलेलं आंब्याचं कलम मी मागच्याच आठवड्यात, हयातीत, दिलं आहे.

कलम ६. माझं जे काही करायचं ते आपल्या धर्माप्रमाणे, साधं करावं. फुलांचे हार आणू नयेत. राख बागेत घालू नये. आमची माती काळी आणि आधीच खारवट आहे, झाडं पिवळी पडतील.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम चंदनाने करावं. टाइप करताना ती दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली, तेवढं सोडलं तर तिने एक शब्दही बदललेला नाही.

उद्या पहाटे भरतेश आम्हा दोघींना गाडीने साताऱ्याला, कासच्या पठारावर नेणार आहे. इतकी वर्षं फिरलो, पण तिथे जाणं झालं नव्हतं. एसटीने गेलो असतो तर दिवस बुडायच्या आत घरी पोचलो नसतो. त्याने तीन माणसांचं बुकिंग केलं आहे. अकिलाने निरोप पाठवला आहे की पोराला काय खायला आवडतं ते सांगा, डबा करायचाय. तेवढं तिला कळवायचं आहे, म्हणून इथेच थांबते.

ठिकाण: सांगली
दिनांक: १६ सप्टेंबर २०२५

लिहून देणार: गुणमाला नेमिनाथ चौगुले
(सही डाव्या हाताची)

आम्हा दोघांच्या समक्ष गुणमाला चौगुले यांनी वरील मजकूर वाचून, समजून सही केली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. सम्मेद मगदूम, सांगली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. प्रवासास हरकत नाही.
२. बनुबाई अर्जुना शिंदे, शेजारी.