टेबल मोडेल म्हणे

४ फेब्रुवारी

आज मला यंत्रात न घालताच परत पाठवलं. का, तर टेबल मोडेल म्हणे!

डावा पाय महिनाभर बधिर आहे. शिवणयंत्राचं पायडल दाबलं की नाही तेच कळत नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, पाठीचा एमआरआय काढून आणा, त्याशिवाय मी औषधाला हात लावणार नाही. म्हणून दुकान बंद ठेवलं, तीन गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली आणि मोठ्या इस्पितळात गेले. यंत्र चालवणारा दारातच उभा होता. चष्मा, खिशाला दोन पेनं, शर्टाची कॉलर एका बाजूने वर आलेली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, नाही जमायचं. टेबलाला झेपणार नाही. वीस-पंचवीस किलो उतरवा, मग या."

ना काटा, ना वजन. नुसत्या नजरेने! मी त्याचं नाव नजरकाटा ठेवलं.

तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. एकाही बाईला 'तुम्ही मावणार नाही' म्हटलेलं नाही. कापड कमी पडलं तर आणखी आणावं. माणसालाच कात्री लावत नाहीत.

५ फेब्रुवारी

नणंदबाईंचा फोन. वजन उतरवायला कोमट पाणी.

७ फेब्रुवारी

हे म्हणाले, "जाऊ दे ना. चार महिने जरा तोंड आवर, मग जाऊ." मी काय आवरू? दोन घास गेले की तिसरा वर येतो. ताटात टाकलेलं ह्यांना दिसतं, पण जाड बाईने कमी खाल्लं यावर कोणाचा विश्वास बसत नाही. लेक तेवढी गप्प असते. ती माझ्या ताटाकडे बघते आणि मग माझ्याकडे.

शिवाय ह्यांचा सल्ला — रोज चाल. म्हणजे असं: पाय चालत नाही म्हणून फोटो हवा. फोटो हवा तर वजन उतरवा. वजन उतरवायचं तर चाला. कशाने चालू, हाताने?

माझा जुना कुर्ता पोटाशी पुन्हा उसवला. शिवायला घेतला तर बाह्या सैल. मी स्वतःचं माप आठ वर्षांत घेतलेलं नाही. घ्यावंसंच वाटत नाही. उसवलं की सैल करायचं आणि पुढच्याचं माप घ्यायचं.

१२ फेब्रुवारी

पुन्हा इस्पितळात. 'घेत नाही' असं निदान लिहून तरी द्या, म्हणायला गेले होते. बाकावर बसवून ठेवलं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. सूट, पॉलिश केलेले बूट, पुढे दार उघडायला इस्पितळाचाच एक अधिकारी. माझे डोळे मापाचे, त्याला मी काय करू? कंबर चोपन्न, छाती बावन्न, खांदा एकवीस. माझ्यापेक्षा चांगलेच दणकट. आता बघू, म्हणून सावरून बसले. तर नजरकाटा कमरेत वाकून, "या सर, सांभाळून." चाळीस मिनिटांनी सर बाहेर आले. टेबल शाबूत!

मी विचारलं, "टेबल कसं आहे?"

"काय मावशी?"

"काही नाही, काळजी वाटली."

लिहून काही मिळालं नाही. 'तशी पद्धत नाही' एवढं ऐकून परत आले.

१३ फेब्रुवारी

तक्रार लिहिली. चार पानं झाली. लेकीने वाचून दोन केली. "आई, त्यांच्या कोटाचं अस्तर हलकं होतं, हे काढ." काढलं. मापं मात्र राहू दिली. 'सदर गृहस्थांची कंबर चोपन्न इंच, नजरेचा अंदाज, चूक झालीच तर अर्धा इंच.' पुढे विचारलं, मला न मोजता नाकारलं आणि त्यांना न मोजता घेतलं, हे कोणत्या काट्याने?

दुसरा मुद्दा इस्पितळाच्या गाऊनचा. मागून सगळा उघडा, दोन नाड्या, त्यातली एक तुटकी. तिथल्या बायका एका हाताने पाठ झाकत आणि दुसऱ्याने फाइल धरत सगळ्यांसमोरून जातात. एक माझ्या आईच्या वयाची होती. तिला भिंतीला पाठ लावून सरकत जाताना पाहिलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्याच कापडात बाजूने बंद होणारा गाऊन शिवता येतो. कागदावर बेतून सोबत जोडला.

२० फेब्रुवारी

उत्तर आलं. 'रुग्णाची प्रतिष्ठा हेच आमचे ध्येय असून आपल्या सूचनेची सकारात्मक नोंद घेण्यात आली आहे. तथापि आपण वजन नियंत्रणासाठी आमच्या आहारतज्ज्ञांची भेट घ्यावी.' खाली सही, ती वाचता येत नाही. छान तोंडाला पानं पुसली. कोटवाल्याला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं का, हे विचारायचं राहून गेलं.

२३ फेब्रुवारी

आज दुकानाच्या पायरीवर पडले. पाय खाली टेकला असं वाटलं, टेकला नव्हता. हातात गिऱ्हाइकाचा नवा ड्रेस. तो वर धरला आणि मी खाली.

भीती वाटली. आजवर नुसती चिडले होते, आज भ्याले. हा पाय गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर मी दिवसभर करायचं काय? ह्यांच्यासमोर रडले नाही. न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले.

२४ फेब्रुवारी

लेकीला घेऊन तक्रारकक्षात जाऊन बसले. मोजल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. तिथल्या बाई गोड बोलणाऱ्या, "अहो ताई, आधी सांगायचं ना." दोन पानं लिहून सांगितलं होतं, ती त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होती.

वॉर्डातला काटा शंभरावर संपतो. मग काय? मग मालाचा काटा! तळघरातल्या भांडारात, जिथे साबणाची पोती मोजतात. लेकीचा चेहरा पडला. मी म्हटलं, चल, पोती तरी मला नावं ठेवणार नाहीत.

भांडारवाले काका वयस्क, हाताला साबणाची भुकटी. मला पाहिलं आणि हमालांना म्हणाले, "बाहेर व्हा रे सगळे." मग काटा पुसला, त्यावर धुतलेली चादर घातली, चढायला हात दिला. आकडा बघून तोंडाने बोलले नाहीत. चिठ्ठीवर लिहिला, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. एकशे चौदा. एवढ्या मोठ्या इस्पितळात प्रतिष्ठा कशाशी खातात हे कळलंय ते साबण मोजणाऱ्याला.

वर आलो. यंत्रावरच्या पाटीवर टेबलाला किती झेपतं लिहिलंय ते वाचा, म्हटलं. तिथली एक सीनियर बाई आत जाऊन वाचून आली. दोनशे किलो. नजरकाट्याने लगेच दुसरं काढलं, "पण मशीनचं तोंड अरुंद आहे." म्हटलं, मग उद्या मापपट्टी घेऊन येते. तर म्हणे आत धातू चालत नाही.

चालत नाही तर चालत नाही. घरी येऊन माझ्या मापपट्टीची दोन्ही पितळी टोकं कात्रीने उडवली.

२५ फेब्रुवारी

सीनियर बाईंनी आत नेलं. यंत्राचं तोंड साठ सेंटिमीटर. मी, सगळ्यात रुंद जागी, त्रेपन्न. दोन्ही मापं मोठ्याने म्हणाले. बाकांवरच्या लोकांनी त्या दिवशीचं 'नाही जमायचं' ऐकलं होतं, आता हेही ऐकू दे.

नजरकाटा खाली बघत होता. एवढं झाल्यावर मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "तुमच्या कॉलरची शिवण ओढली गेलीय. दुकानात आणून द्या, नीट करून देते." त्याने कॉलर चाचपून पाहिली. परवाची वेळ मिळाली.

२७ फेब्रुवारी

झाला एकदाचा! गाऊन घरून शिवून नेला होता, बाजूने बंद होणारा. सीनियर बाई उलटसुलट करून बघत होत्या.

आत नुसती ठोकाठोक, पत्र्यावर हातोडे मारल्यासारखी. मी डोळे मिटून पडले. पाच मिनिटं झाली असतील, ठोकाठोक थांबली. कानातल्या फोनमधून नजरकाट्याचा आवाज, "मावशी, ठीक आहात ना? हलू नका हं." मग बराच वेळ काही नाही. मग मोठे डॉक्टर आल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, पाठीबरोबर पोटाचेही काही फोटो घेतो, जादा पैसे नाहीत.

बाहेर काढताना नजरकाट्याने स्वतः हात दिला. खुर्ची आणली, पाणी आणलं, "सावकाश बसा," म्हणाला. माझ्या नजरेला नजर देईना. सीनियर बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. दोन पानांच्या तक्रारीत एवढी ताकद असते हे ठाऊक असतं तर चारही पानं तशीच पाठवली असती. येताना ह्यांना म्हटलं, बघितलंत? भांडलं की माणसं सुधारतात.

१ मार्च

पाठीत काही नाही. पोटात गाठ आहे, अंडाशयाची. पायाकडे जाणाऱ्या नसांवर तिचा भार आलाय. अंदाजे चौदा किलो. पाच तारखेला काढणार. चांगली की वाईट, ते काढल्यावर कळेल.

हे शेजारी बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वाढेपर्यंत कोणीच पोटाला हात लावून पाहिलं नाही?"

म्हटलं, नाही. सगळ्यांनी लांबूनच पाहिलं.