विहिरीत पाणी आहे

लातूर,
ता. ८ मे १९८३

प्रिय नरसिंग,

नमस्कार. तुझं जाड पाकीट पोचलं. जहाजावर तुझी तब्येत बरी आहे हे वाचून बरं वाटलं. इकडं जिल्हा नवा होऊन नऊ महिने होत आले, तरी निम्म्या फायली अजून उस्मानाबादेतच आहेत. अहमदपूरकडं औंदा पाऊस झालाच नाही. टँकरची यादी माझ्याच टेबलावर असते.

तू लिहिलेली त्या बेटाची हकीकत तुझ्या वहिनीला, रत्नम्माला, वाचून दाखवली. समुद्रापेक्षा जेमतेम पुरुषभर उंच जमीन. तिथं माणसं वसवायची म्हणून कुणी साहेब बोटीनं आला, किनाऱ्यावर तासभर थांबला आणि 'पाणी पुरेसं आहे' असं लिहून गेला. पुढं पाऊस हटला, विहिरी खारट झाल्या, आणि पंचवीस वर्षांनी सगळ्यांना कबरी मागं ठेवून बोटीत बसावं लागलं. साहेबाचं नाव तू लिहिलं नाहीस. मला पुढं वाचवेना. रत्नम्मानं वाचलं.

मार्चमध्ये तुमच्या वाडीची पाहणी माझ्याकडं होती. ऊन लई होतं. फाट्यावरच्या हॉटेलात बसलो, एकाला विचारलं. तो म्हणाला, "हाय की थोडंफार." मी लिहिलं, विहिरीत पाणी आहे. वाडीला टँकर मिळाला नाही.

चोवीस एप्रिलला कावेरीमावशी, तुझी आई, तळातलं पाणी वाटीनं भरायला विहिरीत उतरली. पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. आता ती आमच्याकडं आहे. रत्नम्मा सगळं करते. पुढं काठीशिवाय चालता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. "पोरगं पाण्यावर हाय, त्याला कळवू नको," असं मावशी म्हणाली, म्हणून गप्प राहिलो. खरं तर तेवढ्यासाठी नाही.

तुझं पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी दिलं, की मी विहीर पाहिलीच नव्हती. वाडीला टँकर सुरू झाला. माझी चौकशी लागली आहे.

काल मावशीलाही सांगितलं. ती म्हणाली, "फाट्यापतूर आला हुतास, तर घरी का आला न्हाईस? च्या केला असता की."

शाळेच्या दिवसांत तिच्याच चुलीवरची भाकरी आपण दोघांनी खाल्ली.

तुला जे म्हणायचं असेल ते सगळं लिही. तुझी पत्रं मावशीला मीच वाचून दाखवतो. एक ओळही गाळणार नाही.

तुझा,
शिवलिंग