गंगी कशिदा डॉट कॉमचा पत्ता

नेमसिंग तांडा, ता. आर्णी
१८ नोव्हेंबर

संगीता,

आशीर्वाद. इकडं सगळे बरे. तुह्या बापाचे गुडघे दुखते, पण वेचणीवाल्या बायांमागं वावरात फिरतच राह्यते. तू कशी, ते विचारत नाही. लालीबाईचा राजकुमार सांगे, पुण्यात तू जाडी झाली. बरं झालं. पत्ताही त्यानंच देल्ला.

लिहाची पाळी काहून आली? तुहा फोन लागत नाही. नंबर बदलला तर बदलला, पण जाता जाता आपल्या वेबसाइटचा गळा दाबून गेली तू.

दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या दुकानवाल्या बाईचा फोन आला. "मावशी, वेबसाइट बंद दिसते, धंदा सोडला का?"

मी म्हटलं, "हात तुटले तरी सोडत नाही."

आपल्या बचत गटातल्या जयानं मोबाइलवर पाह्यलं. गंगी कशिदा डॉट कॉम, अन् नुसतं पांढरं पान! तुह्या आजीच्या नावावर पांढरं पान!

ज्या कंपनीतून तू ते नाव घेतलतं, तिथं फोन लावला. आधी गाणं ऐकवलं, मंग माणूस बोलला. म्हणे, वेबसाइटचं नाव ज्याचं, त्याचा फोन, ईमेल, पत्ता खरा पाहिजे. दरसाल विचारतो. तुह्या ईमेलवर विचारलं, मेल वापस आला, म्हणून बंद केलं. मुदत सरल्याची खबरही तिथंच गेली असती, अन् मंग नाव कोणीही उचललं असतं. मशीनचं भरतकाम माह्या सासूच्या नावावर! अंगाची आग झाली माह्या.

गटाचे कागद देल्ले, अध्यक्ष म्हणून माहं आधार देल्लं. तरी अडला.

"पता मैच नहीं हो रहा, मैडम. इधर लालसिंग तांडा, आधार में नेमसिंग तांडा. आपका गाँव कौनसा?"

"दोनों."

"दो गाँव?"

"अरे बाबा, एक ही गाँव है. लालसिंग नायक गुजर गया, बेटा नेमसिंग नायक बना. तो तांडे का नाम भी बदला."

"ऐसे कैसे गाँव का नाम बदलता है?"

"तुम्हारे साब की बदली हुई तो दरवाजे पे पुराना नाम रखते क्या?"

म्हणे, दाखला आणा.

दाखल्यासाठी नेमसिंग नायक स्वतः संग आला ग्रामपंचायतीत. वाटेत म्हणे, "आता पोरीचं नाव काढूनच टाक." तुही सगाई त्याच्याच अंगणात ठरलती, अन् तिथंच मोडली तू. मी म्हटलं, "नायक, दाखल्यापुरतं बोला."

मंग ओटीपी आला, माह्या मोबाइलवर! आकडे मीच दाबले, जयाले हात लावू देल्ला नाही. दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडली. पयल्या पानावर तुह्या आजीचा आरशाचा घागरा, तू काढलेला फोटो. साऱ्या तांड्याले दाखवला. नागपूरवाली म्हणे, "मावशी, तुम्ही केलं हे?" मी म्हटलं, "मंग कोण करन?" ईमेलही आता माहा आहे. चाहासंग रोज उघडून पाह्यतो मी.

एक राह्यलं. शेवटी तो कंपनीवाला म्हणे, "पुरानी मैडम का नाम हटा दूँ?"

मी म्हटलं, "काहून हटाता? बनाया किसने? मेरी बेटी है वो."

जया माह्याकडं पाहतच राह्यली.

कंपनीच्या नोंदीत दोन माणसायच्या जागा असते. पयली माही. दुसरीवर तुहं नाव ठेवलं, पण खाली तो मेलेला नंबर आहे. खोटा नंबर ठेवला तर पुन्हा बंद करतीन, अन् मी आता बंद पडू देत नाही. म्हणून नवा नंबर दे. राजकुमारजवळ पाठवू नको, स्वतः फोन लाव.

माहा नंबर तोच आहे. बदलला नाही.

तुही याडी