बंदरं निवडण्याचं काम चालू आहे

१ एप्रिल, सकाळी ६.१०

कालपासून रिटायर. आजपासून डायरी. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणजे आयुष्य पाण्यातच गेलं म्हणायचं. पाण्याला माझ्याइतकं ओळखणारा माणूस अख्ख्या ओतुरात दुसरा नाही.

काल निरोप समारंभात माईक हातात आला आणि जाहीर करून टाकलं. या उन्हाळ्यात सौभाग्यवतीला कोकणातली सगळी बंदरं दाखवणार, तीही बोटीने, या बंदरातून त्या बंदरात. काय टाळ्या पडल्या! साहेबसुद्धा उठून उभे राहिले (त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती, तो भाग वेगळा). ही, म्हणजे गोजरबाई, पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. अठ्ठावन्न वर्षांची झाली, समुद्र पाहिलेला नाही. २८ मेला हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर वर्षभर बोटीबिटीत चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे हातात आठ आठवडे. चिक्कार झाले.

३ एप्रिल

नवीन रजिस्टर आणलं. रकाने आखले. बंदर, धक्का, जेवण, संडासाची सोय, शेरा. एकूण सत्तावीस बंदरं. ही म्हणाली, कुठलंबी एक चालंल, पाणी दिसल्याशी कारण. हिला नियोजन कळत नाही. आम्ही कालव्याला पाणी सोडायचं तरी तीन मीटिंगा घ्यायचो.

५ एप्रिल

आमच्या सुनेने, तेजस्विनीने, मोबाईलवर बघून सांगितलं की कोकणातल्या बंदरा-बंदरांतून जाणारी बोट कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाली. मला कुणी कळवलं नाही! आता फक्त खाड्यांवरच्या फेरीबोटी. या काठावरून त्या काठावर, पंधरा-वीस मिनिटं. शिवाय किल्ले बघायला होड्या असतात म्हणे. बरं, फेरीबोट हीसुद्धा तत्त्वतः बोटच. योजना सुधारित केली. ऐकून मनातून जरा हलकं वाटलं. का ते समजलं नाही, बहुतेक पित्त उतरलं असावं.

१० एप्रिल

छाननी.
मालवण – सगळे जातात. नामंजूर.
श्रीवर्धन – शेजारचा गेणभाऊ जाऊन आलाय. नामंजूर.
मुरुड – नकाशात दोन निघाली. संभ्रम नको म्हणून दोन्ही नामंजूर.
हर्णै – माशांचा बाजार भरतो. वास. नामंजूर.
वेंगुर्ला – नाव लिहायला छान वाटतं. विचाराधीन.
एका दिवसात पाच निकाली. ऑफिसात असतो तर याला दोन वर्षं लागली असती.

१६ एप्रिल

लाईफ जॅकेट आलं. भगवं, शिट्टीसकट. सुरक्षितता आधी. सवय व्हावी म्हणून घालून दूध आणायला गेलो. गेणभाऊने विचारलं, बिबट्यासाठी का? फॉरेस्टवाल्यांनी फुकट वाटलं का? मग पारावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, राव, मी बेट द्वारकेला बोटीने गेलतो, अंगावर साधं बनियन व्हतं. त्याची ती बोट मी गेली नऊ वर्षं ऐकतोय. दर वर्षी लाट एक फूट वाढते.

जॅकेट काढताना चेन अडकली. जेवण जॅकेटातच केलं.

२० एप्रिल

सराव म्हणून हिला डिंभ्याला नेलं. धरणात पलीकडच्या वाड्यांची माणसं नेणारी लाँच असते. ही गुडघा धरत धरत पटकन चढली आणि मला हात दिला. मी एक पाय लाँचवर ठेवला, एक काठावर. एवढ्यात माझ्या लक्षात आलं की पाण्याची पातळी नीट मोजायची तर काठावरूनच मोजावी लागते. एकतीस वर्षांचा अनुभव बोलला. पाय मागे घेतला. लाँच गेली.

पाऊण तासाने ही परत आली. डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडालेला, हातात कुणीतरी दिलेली करवंदं. लई भारी वाटलं म्हणाली. मग माझा हात धरला आणि म्हणाली, तुमचा हात एवढा गार का पडलाय. मी म्हटलं, धरणाची हवा. एकूण सराव समाधानकारक.

२७ एप्रिल

स्टँडसमोर फ्लेक्स लागलाय! ‘ओतूरचे दर्यावर्दी मा. सोपानराव यांना बंदरसफरीस हार्दिक शुभेच्छा’. शुभेच्छुक गेणभाऊ आणि मित्रपरिवार. माझा फोटो फेट्यातला. मागे जहाज. जहाजावर तोफा आहेत, पण ठीक. भावना महत्त्वाची.

गेणभाऊचा हेतू शुद्ध नसावा अशी शंका हिला. मला तसं वाटत नाही. जळणारा माणूस चार बाय सहाचा फ्लेक्स लावत नाही.

आता मागे हटणे नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचंच.

४ मे

पहिला आठवडा रद्द. लग्नसराई. आमच्याकडे लग्नात अक्षतांच्या आधी मान्यवरांचे आशीर्वाद असतात आणि निवेदक नावं पुकारतो. नाव पुकारलं आणि माणूस मांडवात नसला तर ते बरं दिसतं का? आज सलग तीन मांडव झाले. तिसऱ्या ठिकाणी मी ‘संसाराची नौका’ यावर बोललो. मुहूर्त अर्धा तास पुढे गेला, पण लोक तल्लीन झाले होते. नवरदेव तर खालीच बसला.

ही विचारत होती, मग कधी. म्हटलं, यादी नऊ बंदरांवर आलीय. ही मेथी निवडत बसली.

११ मे, रात्री ९

राजुरीला लग्न. चार हजार माणूस. निवेदक सुदर्शनने मला माईकवरून बोलावून समुद्रप्रवासाबद्दल सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. तेजस्विनी घरी म्हणाली, अजून गेलात कुठं? तिला कार्याचं कौतुक आणि कार्य यांतला क्रम कळत नाही. आमच्या खात्यात कालव्याचं उद्घाटन झालं, नंतर कालवा आला.

१५ मे

आज मूलभूत विचार केला. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवर माल उतरायचा आणि नाणेघाट चढून थेट आपल्या जुन्नरला यायचा. जकातीचा दगडी रांजण अजून घाटावर आहे. याचा अर्थ काय? बंदरांनी वर जुन्नरला यायचं, ही मूळ पद्धत. जुन्नरकराने उठून बंदराकडे धावत सुटणं इतिहासात बसत नाही.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे आता समुद्र ओतूरला यायची वाट बघू का? विषय इतिहासाचा होता, हिने वैयक्तिक घेतला.

१८ मे

ही सकाळी सरळ म्हणाली, दहा दिवस राहिलेत. पुढं गुडघ्याचं काय व्हतंय कुणाला ठावं. माझ्या डोळ्यांनी एकदा बघायचंय, एवढंच हाय. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

दुपारभर रजिस्टर काढून बसलो. यादी तीन बंदरांवर आणली. संध्याकाळी आभाळ आल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा पाचावर नेली.

२१ मे

बचत गटाच्या बाया टेम्पो ट्रॅव्हलर करून उद्या कोकणात चालल्यात. दोन सीटं रिकामी आहेत. ही म्हणाली, चला. कुठलं बंदर म्हणून विचारलं. हर्णै! नामंजूर झालेलं. शिवाय मला २३ ला वारूळवाडीचं लग्न, २४ ला गावातलं. दोन्हीकडे माईक पक्का. सर्व बाजूंनी विचार करून हिला एकटीला जायची परवानगी दिली. परवानगी द्यायला आत गेलो तेव्हा पिशवी भरून झाली होती. वरती माझं लाईफ जॅकेट.

२३ मे

लिहू की नको.

वारूळवाडीचा मांडव. मी स्टेजवर, फेट्यात, पुढचं नाव माझंच. तेवढ्यात हिचा व्हिडिओ कॉल. कट करायला गेलो तो उचलला गेला. सुदर्शनने स्क्रीन बघितली आणि ओरडलाच, मंडळी, दर्यावर्दी सोपानरावांच्या सौभाग्यवती थेट बोटीतून! आणि त्याने माईक फोनला लावला.

आधी नुसता वारा. मग बाया खिदळत होत्या. मग हिचा आवाज, आठ कर्ण्यांतून, वारूळवाडी आणि निम्म्या नारायणगावला ऐकू जाईल असा. अवं, लई मोठ्ठं हाय! संपतच न्हाई! समोर किल्ला दिसतोय का? आणि मग, देवा, हे पण. अवं, तुमी उगीच भ्यायलात. काय भ्यायसारखं न्हाई यात. दांडी धरून बसायचं. डिंभ्यासारखं पाय मागं घ्यायचा न्हाई.

चार हजार माणूस हसलं. भटजी हसले. नवरीने तोंडावर शेला घेतला, पण खांदे हलत होते. गेणभाऊ तिसऱ्या रांगेत होता, तो हसला नाही. नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं.

माझं नाव पुकारलं गेलं नाही. सुदर्शन म्हणाला, मुहूर्ताची वेळ झालीय. मुहूर्ताची वेळ! या तालुक्यात पहिल्यांदा.

२४ मे

गावातल्या लग्नाला गेलो, मागे बसलो, जेवून निघालो. चार जणांनी विचारलं, दांडी धरली का. उन्हातून घरी आलो. ही पहाटेच आली होती, आत झोपलेली. ओट्यावर पाण्याची बाटली दिसली. तोंड लावून घटाघटा प्यायलो.

समुद्र होता तो. बाटलीत भरून घाट चढवून आणलेला. मला दाखवायला.

मोरीपर्यंत पोचलो नाही. अंगणातच सगळं लग्न बाहेर पडलं. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांवर, तुळशीशेजारी उभ्या उभ्या बोट लागणारा मी पहिलाच असेन. ही लंगडत धावत आली, एका हाताने कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळली. आधी घाबरली. मग बाटली बघितली आणि हसायला लागली ती थांबेचना. खाली बसून हसली. मलाही जरा हसू आलं, पण नाकातून मीठ येत होतं.

तोंड धुतल्यावर म्हणाली, मला ठावं व्हतं की. डिंभ्याला हात बर्फ झालता तुमचा. आधीबी ठावं व्हतं, लग्न झाल्यापासनं कधी विहिरीत उतरला न्हाईत. मी म्हटलं, मग बोलली का नाही? ही म्हणाली, तुमी रजिस्टर आणलं व्हतं, एवढे रकाने आखले व्हते.

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. म्हणाली, बोटीत नसता बसला तर काय बिघडलं असतं? काठाला उभं राहायचं. पाण्यात पाय सोडायचे तर चपला ठिवायच्या कुठं? लाट नेती. मी आपली सारखी मागं वळून चपलाच बघत व्हते. तेवढं धरायला माणूस पायजे व्हतं.

शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. रजिस्टर माळ्यावर टाकलं.

२६ मे

तेजस्विनीने सांगितलं, पावसाळ्यामुळे बोटी आता बंद होतायत. म्हणजे माझा निर्णय

(हे वाक्य सोडून दिलं.)

स्टँडवरचा फ्लेक्स जाऊन उतरवला. गेणभाऊ आपणहून शिडी धरायला आला. काढता काढता म्हणाला, बेट द्वारकेच्या बोटीत मी डोळे मिटून बसलतो, कुणाला सांगू नको राव. फ्लेक्स सरपणावर टाकला. पाऊस लागणार नाही.

२८ मे, सकाळी ९.४०

हॉस्पिटल. हिला आत नेलं. काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं, माईक नसताना आठवेना.

नर्सने हिच्या चपला आणून माझ्या हातात दिल्या. बाकाखाली ठेवा म्हणाली. बाकाखाली भरपूर जागा आहे. तळव्याच्या शिवणीत अजून हर्णैची रेती आहे, बारीक, काळपट. डॉक्टर म्हणालेत दोन तास लागतील. समोरच्या बाकावरच्या पाहुण्याने दोनदा सांगितलं, भाऊ, ठेवा की खाली. मी म्हटलं, असू द्या.

एका हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.